सुंठीची बिस्किटं, शेजारची ताटं

डिसेंबर लागला की आमच्या बेळगावच्या वडगावात थंडी पायी येत नाही. संकेश्वरकडं साखर कारखान्याची चिमणी पेटली की ती तिथंच उसाच्या ट्रॉलीवर चढते, हायवेनं हलत-डुलत काकतीपर्यंत येते, तिथं उतरून एक चहा मारते आणि मग आमच्या गल्लीत शिरते. मी तिला डोळ्यांनी बघितलंय. विश्वास ठेवायचा नसेल तर ठेवू नका. माझ्या बायकोनं लग्न झाल्यापासून माझ्या एका शब्दावर ठेवलेला नाही आणि तिचं काही अडलेलं नाही.

यंदाही आली. सकाळी दार उघडलं तर उंबऱ्यावर पाय पोटाशी घेऊन बसलेली. तिच्या मागोमाग कोपऱ्यावरच्या बेकरीतून भाजल्या मैद्याचा वास आला आणि माझं तोंड कडू झालं. वासानं तोंडाला पाणी सुटायचं, ते दिवस गेले.

बेकरी आता काचेची झालीय. भट्टी विजेवर चालते, वासही विजेच्या बिलाएवढाच बाहेर सोडतात. पूर्वीची भट्टी लाकडावरची होती. तिच्यातनं आमच्या घरच्या बिस्किटांचा पत्रा बाहेर निघाला की निपाणीकडनं तंबाखू भरून येणारे ट्रकवाले हायवेवर विडी विझवून नाक वर करायचे. नंदगडच्या रानातली अस्वलं पिल्लांना पाठीवर घेऊन उत्तरेला तोंड करून बसायची. एकदा तर म्हणे त्यातलं एक खानापूर स्टँडवर येऊन बेळगावची गाडी विचारत होतं. हे शेवटचं मी बघितलेलं नाही, ऐकीव आहे. खोटं कशाला सांगू?

आम्ही ख्रिस्ती. म्हणजे अस्सल मराठी ख्रिस्ती, नाताळला घरात आधी करंज्यांचं सारण होतं आणि मग देवदूत येतात. अख्खी गल्ली विणकरांची, हिंदूंची, आणि मधोमध आमचं एकच घर, जोंधळ्याच्या पोत्यात राजम्याचा दाणा पडावा तसं. बाबा जॉबर होते. जॉबर म्हणजे पॉवरलूम दुरुस्त करणारा माणूस. आजारी मागाच्या छातीवर कान ठेवून ते आजार सांगायचे, असं मी शाळेत सांगत असे आणि पोरं ऐकत असत. माग दिवसभर खडखडायचे. आमच्या गल्लीत कुजबुज हा प्रकार जन्मालाच आला नाही. प्रेम करायचं तर ओरडून, भांडायचं तर ओरडून, आणि मेलेल्यासाठी रडायचं तरी आधी कुणीतरी जाऊन माग बंद करायला सांगायचं.

आई निपाणीची. तंबाखूच्या वखारींच्या मागं तिचं माहेर. लग्न होऊन वडगावात आली तेव्हा तिच्याजवळ एक ट्रंक, एक बायबल आणि कानडीचे चार शब्द होते. त्या चारांतले दोन शिव्या होत्या, हे तिला पुढं कळलं.

पहिला नाताळ आला. घरात सासू नाही, नणंद नाही. बाबांच्या आईच्या हातची बिस्किटं गल्लीत गाजलेली, पण ती बाई कृती सोबत घेऊन गेलेली. आईनं आपली परातीत मैदा, डालडा, साखर घेऊन बैठक मारली. तेवढ्यात समोरच्या दारातून गंगाक्का आली. गंगाक्का कानडी घरची, समोरच्या मागवाल्याची बायको. उंचीनं पावणेपाच फूट, आवाजानं साडेसात. तिच्या सात पिढ्यांत कुणी बिस्कीट केलेलं नव्हतं, त्यामुळं सूचना करायला तिला कसलीच अडचण नव्हती. आल्या आल्या तिला टोपलीत अंडी दिसली आणि तिनं डोळ्यांवर पदर घेतला. त्यांच्या घरात अंड्याचं नावसुद्धा निघत नसे. आईनं टोपली उचलून फडताळात ठेवली. ती कायमचीच. त्या दिवसानंतर आमच्या नाताळच्या बिस्किटांत अंडं कधी पडलं नाही. बेकरीवाला बोंबलायचा, "वैनी, अंड्याबगार बिस्कीट म्हंजे कौलाचा तुकडा हो!" तरी नाही. शिवाय त्याच्या केकच्या पत्र्याला आपली बिस्किटं लागू नयेत म्हणून बाबांनी तेलाचा डबा उलगडून, ठोकून, आमचा स्वतःचा पत्रा केला. गल्लीतल्या लोकांनी निर्धास्त खावं म्हणून.

पण मी सांगत होतो ती पहिल्या वर्षाची गोष्ट. थंडी म्हणून बाबा चिमूटभर सुंठ घालायला सांगून गेले होते. आई पुडी उघडून पिठात ओतू लागली. गंगाक्का ओरडली, "साक! साक!"

आमच्याकडच्या कानडीत साक म्हणजे पुरे आणि हाक म्हणजे घाल. दोन शब्दांत अंतर एका अक्षराचं, आणि त्या अक्षराच्या मधून चार माग खडखडत चाललेले. आईला ऐकू आलं, "हाक! हाक!" नवी नवरी, समोर वयानं मोठी बाई, ती घाल म्हणते तर नको कसं म्हणायचं? आईनं आणखी घातली. गंगाक्का आणखी जोरानं ओरडली, "साक गं, साक!" आईला वाटलं, काय बाई हौस हिला सुंठीची. तिनं आणखी घातली. असं करत पुडी संपली, आईनं कागदसुद्धा परातीवर झटकला. गंगाक्का कपाळाला हात लावून मटकन खाली बसली. आई घाबरली. तिच्याजवळ जाऊन अदबीनं म्हणाली, "आनि मागवू काय, आक्का?"

पहिलं बिस्कीट बाबांनी खाल्लं. त्यांच्या कानांतून वाफ निघाली, तिच्यावर शेजारच्यांनी चहा करून घेतला. त्या हिवाळ्यात वडगावात कुणाला पडसं झालं नाही आणि कोपऱ्यावरचा डॉक्टर दवाखान्याला कुलूप लावून गावाकडं ऊस तोडायला गेला. गंगाक्कानं मात्र एक तुकडा मोडून तोंडात टाकला, डोळे मिटले, बराच वेळ गप्प बसली. ही एवढीच गोष्ट माझ्या सगळ्या गोष्टींत न पटण्यासारखी आहे, पण खरी आहे. मग डोळे पुसत तिनं हात पुढं केला. "इन्नोंद कोड, मार्थव्वा." आणखी एक दे. आईचं नाव मार्था. त्या दिवसापासून गल्लीत ती मार्थव्वा झाली आणि चुकून झालेली बिस्किटं दर नाताळला मुद्दाम होऊ लागली. कुठल्याही घराची परंपरा खणून बघा, तळाशी कुणीतरी कुणाचं तरी चुकीचं ऐकलेलं सापडतं.

त्या दोघींनी एकमेकींना भाषा शिकवली. शेवटी तिसरीच एक भाषा तयार झाली, ती फक्त त्या दोघींना कळायची. पोलिसांनाही तिचा अर्थ लागला नसता.

आता ताटांचं सांगतो, कारण सगळं येऊन अडलं ते ताटांत.

दिवाळीला गल्लीतल्या प्रत्येक घरातून आमच्याकडं फराळाचं ताट यायचं. रुमालाखाली लाडू, चकली, शेव. दिलेलं ताट रिकामं परत करायचं नाही, ही रीत सगळीकडंच आहे. लोक चिमूटभर साखर टाकतात आणि मोकळे होतात. आईनंही त्या नाताळानंतरच्या पहिल्या दिवाळीला साखर टाकली होती. गंगाक्कानं ताट परत आमच्या ओट्यावर आणून आपटलं. "साखर आमच्यात न्हाय काय? तू कायतरी करशील तवा दे!" आई म्हणाली, मी करणार नाताळात. "मग तवा दे. ताट कुठं पळतंय?" झालं. गंगाक्कानं केलं ते गल्लीनं केलं. त्यानंतर दिवाळीची ताटं आमच्या घरी मुक्कामाला राहू लागली ती नाताळपर्यंत.

फडताळावर त्यांची चळत लागायची. छताला टेकायची म्हणतो, तुम्ही कमरेपर्यंत धरा. ताटं सगळी नावाची. कुणाच्या लग्नातलं, कुणाच्या बारशातलं, आणि बरीचशी कुणाच्या तरी स्मरणार्थ. मी वाचायला शिकलो तो ह्या ताटांवर. शाळेत बाईंनी विचारलं, "दानू, 'कै.' म्हणजे काय?" मी म्हणालो, "ज्यांची ताटं चांगली असतात ते." आई त्या ताटांत जेवू द्यायची नाही, दुसऱ्याची वस्तू म्हणायची. मी चोरून जेवायचो. दोन महिने रोज वेगळ्या मेलेल्या माणसाच्या ताटात. कुणाच्या ताटात भूक जास्त लागते हे मला पाठ होतं.

तिकडं घराघरात ताटं कमी पडायची. पाहुणा आला की बायका ओरडायच्या, "ताट न्हाय वं, मार्थव्वाकडं अडकलंय." गल्लीत तो वाक्प्रचारच झाला. पोराचा निकाल लागेना, पोरीचं लग्न जमेना, की म्हणायचं, ताट अडकलंय. आणि नाताळच्या आदल्या दिवशी आई सगळी ताटं चिंचेनं लख्ख घासायची, बिस्किटं भरायची आणि मला पिटाळायची. मी ताट घेऊन दारात उभा राहिलो की घरातून आरोळी यायची, "सुटलं गं बाई ताट!" तो आमच्या गल्लीचा नाताळ. आमच्या देवळात, म्हणजे चर्चमधे, घंटा वाजो न वाजो, ताटं सुटली की येशू जन्मला.

गंगाक्काचं ताट सगळ्यांत जड. काठ एका जागी चेपलेला, आणि काठाखाली ठिपक्या-ठिपक्यांची गोल गोल कानडी अक्षरं. मी कानडी बोलतो वाघासारखं आणि वाचतो कोंबडीसारखं, त्यामुळं ती अक्षरं मी कधी वाचली नाहीत. मला ती बुंदीच्या लाडवांची रांग वाटायची. ते ताट सर्वांत आधी भरायचं आणि सर्वांत शेवटी द्यायचं, कारण तिथं मी नाही, आई स्वतः जायची आणि संध्याकाळपर्यंत परत यायची नाही.

गंगाक्काचा बसू तर आमच्या ओट्यावरच वाढला. माझ्यापेक्षा लहान. बिस्किटं भाजायला निघाली की पत्र्याचं एक टोक माझ्या हातात, एक त्याच्या. परत येताना पत्र्यावर एक ओळ कमी असायची आणि बसूच्या चड्डीचे खिसे गरम असायचे. आई म्हणायची, "बसू, खिसा जळंल रं!" तो म्हणायचा, "जळू दे की, आई." आईच म्हणायचा तिला.

ताटं एकदम थांबली नाहीत. एकदम थांबली असती तर भांडता तरी आलं असतं. आधी कुणाची आजी गेली, तिच्या ताटाची वाट बंद झाली. कुणी माग विकून नव्या वस्तीत गेलं. मग सुना आल्या, त्या घरात फराळ करेनात, विकत आणू लागल्या, आणि विकतचा फराळ प्लास्टिकच्या डब्यात येतो. तो डबा तसाच आमच्या दारात. "काकू, डबा परत नको हं, टाकून द्या." किती गोड बोलतात. मला आधी हे वाक्य सोयीचं वाटलं होतं. मग कळलं, ह्या वाक्यात दार बंद करायची कडी आहे. डबा परत नको, म्हणजे तुमचं काही नको. तुमच्या ओट्यावर आमची कुठलीही वस्तू अडकून राहायला नको. पूर्वी बायका आमच्या घराच्या नावानं ओरडायच्या. ताटासाठी का होईना, कुणी आपल्या नावानं ओरडावं लागतं हो.

आणि मधल्या वर्षांत हवाही बदलली. त्याबद्दल मी जास्त बोलणार नाही; माझ्यासारख्यानं थोडं बोललं तरी ते फुगतं. कुणी कधी वाईट वागलं नाही. फक्त एका नाताळला दिलेली बिस्किटं दुसऱ्या दिवशी बोळातल्या गाईपुढं दिसली. गाईनं खाल्ली, तिला सुंठ मानवली. आईनं खिडकीतून बघितलं आणि म्हणाली, "गाय बी गल्लीतलीच की." आणि पडदा ओढला.

बसूचं ताट मात्र येत होतं. त्याचं आता तीन मजली घर आहे, खाली माग, वर संगमरवर, दारावर कॅमेरा. गंगाक्का खालच्याच एका खोलीत अंथरुणाला खिळलेली. आई गुडघ्यांनी अडलेली. मधे सहा पावलांची गल्ली, आणि दोघी जणू एक निपाणीला, एक धारवाडला. मी भेटायला गेलो की बसू दारातच फार आदरानं म्हणतो, "आत्ताच डोळा लागलाय, अण्णा." त्या बाईचा डोळा गेली कित्येक वर्षं आत्ताच लागतोय. तेव्हा दोघींमधे जे काही चालू होतं ते एका ताटावर चालू होतं. दिवाळीला ते इकडं यायचं, नाताळला तिकडं जायचं. निरोप नाही, चिठ्ठी नाही. ताट आलं म्हणजे ती आहे, ताट गेलं म्हणजे ही आहे.

यंदाच्या दिवाळीला बसूकडनंही डबा आला.

आईनं तो हातात घेऊन फिरवून फिरवून बघितला. वर मिठाईच्या दुकानाचं लेबल होतं. आतले लाडू काढले, डबा धुतला, उन्हात ठेवला. दुसऱ्या दिवशी तो उन्हानं वाकडा झाला. आईनं तो माझ्यापुढं धरला. "ह्यात गरम बिस्कीट भरायचं कसं रं?"

"भरूया की थंड झाल्यावर."

"आनि त्येनी म्हनलं टाकून द्या, तर?"

मी डबा तिच्या हातातनं घेतला. ती म्हणाली, "औंदा मैदा आनू नको. ताटच न्हाई, तर बिस्कीट कुनाला? तुला? तुला शुगर हाय."

मी सगळं सहन करतो, पण आईचं असं सरळ बोलणं सहन करत नाही. ती वर्षभर खुर्चीत असते. नाताळच्या आधी परात पुढ्यात घेतली की तिचे खांदे हलतात, आवाज चढतो, बायकोला दोन टोमणे बसतात, घर घर वाटतं. तेही गेलं तर उरलं काय? तेव्हा मी ठरवलं, ताट येत नाही काय, ताट आणतो. गेलो खडेबाजारात.

भांड्यांच्या दुकानातल्या नाव घालणाऱ्यानं मशीन हातात घेऊन विचारलं, "कानडी का मराठी?"

बेळगावात ह्या प्रश्नावर माणसांची आयुष्यं गेलीत. मी छाती काढून म्हणालो, "कानडी! ठसठशीत!"

"नाव?"

"गंगाक्का."

"नुसतं गंगाक्का? आडनाव, नवऱ्याचं नाव, काय?"

"अख्ख्या वडगावात एकच गंगाक्का आहे, मर्दा. आडनावं लागतात ती तुमच्या-आमच्यासारख्यांना."

घरी आणून ते ताट मी माळ्यावर नेलं, राखेनं घासलं, बाबांच्या पान्यानं काठ चेपला, जमिनीवर आपटलं, जुनं केलं. असं जुनं केलं की पुराणवस्तू खात्याचा माणूस बघता तर कंपाउंड घालून बसला असता. वर चिवडा ओतला, रुमाल टाकला आणि आईपुढं ठेवलं. "घे. बसूच्या घरनं. दिवाळीत गडबडीत डबा गेला म्हणाले, ताट आत्ता धाडलंय. आक्का लई ओरडली म्हणे."

आईचा चेहरा असा उजळला की मला वाटलं जिंकलो. तिनं चिवडा बाजूला काढला, ताट मांडीवर घेतलं. अंगठा अक्षरांवरून फिरवला. तिला कानडी वाचता येत नाही, हे मला माहीत होतं.

"काय लिवलंय रं ह्यावर?"

"हे काय, गंगाक्का."

"वाचलंस तू?"

"स्पष्ट आहे की. गं-गा-क्का."

तिनं अंगठा उचलला. "तिच्या ताटावर तिचं नाव कवा हुतं रं? नवऱ्याचं हुतं. मला म्हनायची, मार्थव्वा, जलमभर राबली, पन ह्या घरात माझ्या नावाचा चमचाबी न्हाई."

आम्ही दोघं त्याला जन्मभर गंगाक्काचं ताट म्हणत आलो होतो, आणि ताटावर ती नव्हतीच. 

आई रागावली नाही. ताट उजेडाकडं धरून म्हणाली, "अक्षर चांगलं काढलंय. मैदा आन."

मग ती पीठ मळायला बसली. परात फिरत होती. सुंठ अंदाजानं घातली, म्हणजे पुडीच्या पुडी. बेकरीवाल्याच्या मुलानं काचेमागून सांगितलं, "बाहेरचं भाजत नाही आम्ही." बायकोच्या ओव्हनमधे भाजायचं ठरलं, त्यात आमचा पत्रा मावेना. तो भिंतीला टेकून उभा राहिला, पंगतीत पान न मिळालेल्या पाहुण्यासारखा. थोडी थोडी करून भाजली. काही करपली. करपलेली आम्ही खाल्ली, चांगली ताटात रचली, ताटात न मावलेली परातीतच राहिली. आई म्हणाली, "जा, देऊन ये. नाव तिचं हाय, तिच्या घरात जाऊ दे. आनि तिच्याच हातात दे. बसूकडं नको."

दुपार होती. गल्ली खडखडत होती. मी ताट घेऊन सहा पावलं चाललो आणि बसूच्या दाराची घंटा दाबली. बसूनं दार उघडलं. केस पिकलेत त्याचे, कपाळ विभूतीनं भरलेलं, अंगात चांगला स्वेटर.

"अरे दानूअण्णा! कशाला त्रास घेतला?"

"सुंठीची आहेत. आक्काला देतो आणि जातो, आईनं सांगितलंय."

"देतो की मी." त्यानं दोन्ही हातांनी ताट धरलं. मीही सोडलं नाही. दोन म्हातारे होऊ घातलेले गडी एका ताटाची दोन टोकं धरून उंबऱ्यावर उभे.

"अंडं नाही बरं का," मी म्हणालो. हे बसूला सांगायची पाळी माझ्यावर आली होती.

"मला काय सांगता, अण्णा! पण आता सुना आल्यात, पाहुण्यांची ये-जा असती. एकेकाला समजावत कुठं बसायचं? उगं चर्चा हुती." असं म्हणून तो इतकं छान हसला की माझे हात आपोआप सुटले.

आणि त्याच क्षणी करंट गेला. एकामागून एक माग थांबले. अख्ख्या गल्लीवर शांतता पडली, कानांत शीळ वाजायला लागली. त्या शांततेत आतल्या खोलीतून गंगाक्काचा आवाज आला. साडेसात फुटांचा आवाज, आता वीतभर राहिलेला. "यार बंदारो, बसू?" कोण आलंय?

बसूनं मानसुद्धा वळवली नाही. माझ्याकडं हसत बघतच तो म्हणाला, "यारू इल्लव्वा. कोरियर."

कुणी नाही आई. कोरियर.

मग हळूच मला म्हणाला, "हॅपी ख्रिसमस, अण्णा," आणि दार लावलं.

मी आयुष्यभर थापा मारल्या. पण माझ्या थापेत माणूस मोठा होतो. पावणेपाच फुटाची बाई साडेसात फुटाची होते, अस्वलाला बस मिळते. बसूनं एका शब्दात मला, माझ्या आईला, त्या सगळ्या नाताळांना सही करून घ्यायच्या पाकिटाएवढं केलं. किती सफाईनं. मी कारागीर आहे, मला कारागिरी कळते. ताटावर कोरलेल्या नावाला ते नाव जिचं होतं तिच्यापर्यंत आठ-दहा पावलं जायचं होतं, आणि ते दारात संपलं.

घरी आलो. आई खिडकीजवळच्या खुर्चीत बसलेली. मी उंबरा ओलांडताना सुरू झालो, कारण थांबलो असतो तर बोलता आलं नसतं. म्हणालो, आई, आक्का उठून बसली! ताट मांडीवर घेतलं, स्वतःचं नाव बोटानं वाचलं, रडली, हसली, सुनांना हाका मारून दाखवलं, बघा गं, माझ्या नावाचं. एक बिस्कीट तिथंच चहात बुडवून खाल्लं. तोंडात दात नाही तरी असं कडाडा वाजवलं की छपरावरचं कबूतर उडालं. म्हणाली, मार्थव्वाला सांग, सुंठ कमी पडली. बसूला तर अशी झापली, अशी झापली, की तो उद्या गाडी काढून तुला न्यायला येतोय.

आईनं सगळं ऐकून घेतलं. एरवी ती मधेच हात वर करते. आज तिनं मला शेवटपर्यंत जाऊ दिलं, कबुतरासकट. माझ्याजवळचं संपलं तेव्हा तिनं खिडकीबाहेर बघितलं.

"करंट गेलता रं," ती म्हणाली. "माग बंद हुते. समदं ऐकू आलं मला."

 तिनं पदरानं मांडीवरचं पीठ झटकलं.

"राहिलेली डब्यात भर. हवा लागली की मऊ पडत्यात."